‘डोक्यात राहत नाही’ म्हणजे काय?

(सहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





शाळेत जाणाऱ्या मुलांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती कशी वाढते, यावर मी बोलावे असे समितीने सुचवले. विषय मोठा आहे, पण एका वाक्यामुळे तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. ते वाक्य असे: “या मुलांच्या डोक्यात राहतच नाही.” मी ते शिक्षकांकडून ऐकले आहे, वसतिगृहाच्या अधीक्षकांकडून ऐकले आहे, आणि निकालाचा तक्ता पाहिल्यावर कळकळीच्या देणगीदारांकडूनही ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण वाक्य मुलाच्या कानावर पडते. तिसरी-चौथीत येईपर्यंत ते त्याला पटलेले असते. मग एखाद्या दिवाळीच्या सुट्टीत ते लेकरू अक्राणीतल्या किंवा अक्कलकुव्यातल्या आपल्या पाड्यावर जाते, आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत उतरते, आणि शाळेच्या पटावर त्याचे नाव नुसते नावापुरते उरते. म्हणून हे वाक्य खरे आहे का, हे आज आपण नीट तपासू या.

आधी एक छोटा प्रयोग करू. मी बारा शब्द सांगतो. लिहायचे नाही, नुसते ऐकायचे. कांदा, बैल, विळा, शेळी, कुऱ्हाड, वांगे, कोंबडी, भेंडी, पहार, म्हैस, मुळा, कुदळ. आता मनात आठवून पाहा. किती जमले? (सभेत सहा, सात, आठ असे आवाज आले.) पहिल्या बाकावरच्या बाईंना अकरा आठवले. त्यांनी काय केले, ते त्यांनीच सांगितले: चार भाज्या, चार जनावरे आणि चार अवजारे अशी वाटणी केली. म्हणजे आठवण्यापूर्वी त्यांनी विचार केला. शब्द तेच होते, पण विचाराने त्यांना तीन टोपल्यांत ठेवले आणि टोपल्या उचलणे सोपे गेले.

आजच्या विषयाचे सार एवढेच आहे. स्मरण आणि विचार ही दोन वेगळी खाती नाहीत. शाळेच्या वयात ती एकमेकांचा हात धरून वाढतात. एकाची उपासमार केली की दुसरेही खुरटते.

ही वाढ कशी होते ते पाहा. 1966 साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना काही चित्रे दाखवली, त्यांतल्या काहींकडे बोट केले, थोडा वेळ थांबवले आणि मग तीच चित्रे त्याच क्रमाने दाखवायला सांगितले. मधल्या वेळात मुलांचे ओठ हलतात का, एवढेच ते पाहत होते. पाच वर्षांच्या वीस मुलांपैकी फक्त दोघे चित्रांची नावे स्वतःशी पुटपुटत होते. सात वर्षांच्या वीसपैकी बारा जण पुटपुटत होते, आणि दहा वर्षांच्या वीसपैकी सतरा. लहान मुलांना नावे येत नव्हती असे नाही. ‘लक्षात ठेवायचे असेल तर काहीतरी करावे लागते’ हेच त्यांना अजून उमगले नव्हते. सहा ते बारा या वयात मूल ते शिकते. आधी नुसते घोकणे येते, मग गट पाडणे, मग एका गोष्टीला दुसरी जोडणे, आणि शेवटी ‘हे मला खरोखर येते की येतेसे वाटते’ हे स्वतःला विचारणे.

रशियातले लेव्ह विगोत्स्की 1934 साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारले. त्यांनी एक मार्मिक गोष्ट नोंदवून ठेवली. लहान मूल विचार करते म्हणजे मुख्यतः आठवते. त्याला ‘आजी म्हणजे काय’ विचारा, ते आपल्या आजीची मऊ मांडी आठवून सांगेल. मोठे झालेले मूल आठवते म्हणजे मुख्यतः विचार करते. काय घडले असेल, कशानंतर काय आले असेल, याचा धागा पकडत ते आठवणीपर्यंत पोहोचते. या दोन टोकांच्या मधला रस्ता म्हणजे प्राथमिक शाळा, आणि आपली वसतिगृहे त्याच रस्त्यावर उभी आहेत.

आता आपल्या मुलांकडे येऊ. मनात एका वेळी किती गोष्टी धरून ठेवता येतात याला मर्यादा असते. पाच वर्षांच्या मुलाला ऐकलेले साधारण चार आकडे लगेच परत सांगता येतात, दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पाच-सहा, मोठ्या माणसाला सहा-सात. ही मर्यादा सगळ्यांनाच आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाला ती आहे आणि सातपुड्यातल्या मुलालाही आहे. फरक पडतो तो त्या चार-पाच जागा कशाने भरतात यामुळे. ज्या मुलाची घरची बोली पावरी किंवा भिलोरी आहे, त्याला पहिलीत मराठीतले गणित ऐकताना आधी शब्द ओळखावे लागतात. ‘एकोणसत्तर’ म्हणजे किती हे शोधण्यात दोन जागा जातात, ‘उरलेले’ म्हणजे काय हे कळण्यात तिसरी. प्रत्यक्ष हिशेबाला जागाच राहत नाही. गुरुजी विचारतात आणि मूल गप्प उभे राहते. आपण म्हणतो, डोक्यात राहत नाही. खरे तर डोके काठोकाठ भरलेले असते, पण गणिताने नव्हे, भाषेने.

आणि ज्या गोष्टी या मुलांच्या ओळखीच्या आहेत त्या त्यांना किती राहतात! रानातल्या कोणत्या मोहाखाली पहाटे फुले जास्त पडतात, कोणत्या नाल्याला मार्चपर्यंत पाणी असते, चाळीस शेळ्यांमधली कोणती कमी आहे, हे दहा वर्षांचे पोर न मोजता सांगते. हा काही जंगलाचा चमत्कार नाही. 1978 साली अमेरिकेतल्या संशोधिका मिशेलिन ची यांनी बुद्धिबळ चांगले खेळणारी, सरासरी दहा वर्षांची मुले आणि त्या खेळात तितकी तयार नसलेली मोठी माणसे यांची तुलना केली. पटावरची मांडणी क्षणभर दाखवून आठवायला सांगितली, तेव्हा मुलांनी मोठ्यांना मागे टाकले. पण नुसते आकडे आठवायला सांगितले, तेव्हा मोठी माणसेच पुढे होती. म्हणजे चांगली किंवा वाईट स्मरणशक्ती अशी एकच वस्तू डोक्यात नसते. ज्या विषयाची आपल्याला जाण असते त्या विषयातले आपल्याला राहते.

1982 साली बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकारी वॉडेल यांनी ग्वाटेमालातली माया आदिवासी मुले आणि अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमधली मुले यांच्यासमोर एका गावाचा छोटा देखावा मांडला. डोंगर, तळे, रस्ता, घरे. त्यात वीस वस्तू ठेवल्या, मग काढून घेतल्या आणि मुलांना परत जागच्या जागी ठेवायला सांगितल्या. नुसत्या शब्दांच्या याद्या पाठ करण्यात मागे पडणारी म्हणून समजली जाणारी आदिवासी मुले इथे शहरी मुलांच्या बरोबरीने, किंबहुना किंचित पुढेच राहिली. शब्दांची यादी सुटी असते. देखाव्यात प्रत्येक वस्तूला जागा होती, शेजार होता, म्हणजे अर्थ होता.

बंधूंनो, आता एक गोष्ट सांगतो. ती मी स्वतः पाहिली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात धडगावच्या बाजारात आपल्या वसतिगृहातली सहावीची एक मुलगी आईबरोबर आमचूर विकायला बसली होती. व्यापाऱ्याने अडीच किलो घेतले, किलोला 160 रुपये भाव ठरला. आईने मुलीकडे पाहिले. मुलगी लगेच म्हणाली, “दोनचे तीनशे वीस, अर्ध्याचे ऐंशी, चारशे दे.” पंधरा दिवसांनी वसतिगृहात रात्रीच्या अभ्यासाला तिच्या वहीत गणित होते: 160 गुणिले 2.5. तिने आकडे एकाखाली एक मांडले, पाठ केलेल्या रीतीने गुणाकार केला आणि उत्तर लिहिले 4000. दशांशचिन्ह राहून गेले होते. उत्तराखाली तिने नीट दोन रेघाही मारल्या. तिला त्यात काही खटकले नाही. मी शेजारी बसलो आणि विचारले, “बाई, हा आमचूर आहे असे समज. अडीच किलोचे चार हजार कोणी देईल का?” ती माझ्याकडे बघून खळखळून हसली. मग तिने स्वतःच खोडले आणि 400 लिहिले. त्यानंतर कोणी न सांगता मागच्या दोन गणितांकडे वळली आणि तीही पुन्हा पाहू लागली.

या मुलीकडे स्मरण होते, रीत पाठ होती. विचारही होता, तो आपण बाजारात पाहिला. दोहोंची गाठ मात्र कोणी घालून दिली नव्हती. हे फक्त आपल्या एका मुलीचे नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो 2025 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाजारात अवघड हिशेब तोंडी करणाऱ्या मुलांना शाळेच्या पद्धतीने मांडलेली साधी गणिते जमत नव्हती. आणि शाळेत ती गणिते सोडवणाऱ्या मुलांना बाजारातले हिशेब जमत नव्हते. दोन्हीकडे शहाणपण होते, मधला पूल नव्हता.

यावरून कोणी म्हणेल, पाठांतर बंद करा. मी तसे म्हणणार नाही. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ केलेली आहे. ज्याला आठ सक छप्पन्न की अठ्ठेचाळीस यावर थांबावे लागत नाही, त्याच्या मनातल्या त्या चार-पाच जागा पुढच्या विचाराला मोकळ्या राहतात. पाठांतर विचाराचे पाय आहेत. पण पायांनी कुठेतरी चालायचे असते.

पवित्र शास्त्रात हे आपल्याला किती सुंदर रीतीने दाखवले आहे! मेंढपाळांनी सांगितलेले ऐकून इतर लोक आश्चर्य करून थांबले. मरीया मात्र सगळे मनात जपून ठेवते आणि त्यावर विचार करत राहते, असे लूकने दुसऱ्या अध्यायात नोंदले आहे. जपणे आणि विचार करणे, दोन्ही एकाच अंतःकरणात, एकाच वेळी. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देनेतून बारा धोंडे उचलून आणायला सांगितले. कशासाठी? पुढे मुलांनी ‘या धोंड्यांचा अर्थ काय’ असे विचारावे आणि वडिलांनी सांगावे, यासाठी. स्मारक असे उभारले की मुलाला प्रश्न पडलाच पाहिजे. आणि प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात, रथात बसून मोठ्याने वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याला फिलिप्प पहिला प्रश्न काय विचारतो? वाचतोस ते तुला समजते का, एवढेच. किती पाठ आहे, हे तो विचारत नाही. मग तो रथात चढून त्याच्या शेजारी बसतो. शेजारी बसणे महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रात आदिवासी मुलांच्या शेजारी असे बसण्याची वाट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी घालून दिली. 1945 साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले, आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्ये नेले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. शिंपले, बिया, पाने, खडे हे त्यांचे शिक्षणसाहित्य होते. गरिबीमुळे तसे केले असे आपण म्हणू, पण त्यात मोठे शहाणपण होते. जे मुलाला आधीच माहीत आहे त्याच्या खुंटीला नवे ज्ञान अडकवले, तर ते राहते. खुंटीच नसेल तर नवे ज्ञान जमिनीवर पडते, आणि आपण मुलाला दोष देतो.

आणखी एक गोष्ट शरीराची. स्मरण आणि विचार मांसरक्ताच्या मेंदूत घडतात. रक्तात लोह कमी असलेले मूल वर्गात लवकर थकते आणि त्याचे लक्ष टिकत नाही. आयोडीनच्या कमतरतेने बुद्धीची वाढ मंदावते, म्हणून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आयोडीनयुक्त मीठच हवे, आणि ते झाकून ठेवलेले हवे. दिवसा शिकलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते. परीक्षा जवळ आली की मुलांना रात्री अकरापर्यंत बसवून पहाटे चारला उठवणे म्हणजे पेरलेले बी रोज उकरून पाहणे. आणि जे मूल फळ्यावरचे वाचू शकत नाही किंवा कान फुटल्यामुळे ऐकू शकत नाही, त्याच्या स्मरणशक्तीविषयी बोलण्यापूर्वी त्याचे डोळे आणि कान तपासले पाहिजेत.

आता आपण काय करायचे? माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, आपल्या वचन-पाठांतर स्पर्धेविषयी. ती चालू राहो. पण वचन म्हणून झाल्यावर परीक्षकांनी मुलाला एवढेच म्हणावे: “आता हेच तुझ्या घरच्या बोलीत, तुझ्या आजीला सांगतोस तसे सांग.” त्यासाठी परीक्षकांत बोली जाणणारी एक व्यक्ती हवी. अर्धे गुण वचनाला, अर्धे सांगण्याला द्यावेत. पहिल्या वर्षी काही मुले अडखळतील. अडखळू द्या. बोलीत सांगताना मूल शब्दांची आपल्या जगाशी जोडणी करते, आणि एकदा जोडलेले सहसा निसटत नाही.

दुसरी, रात्रीच्या अभ्यासाच्या तासाविषयी. सध्या तो तास पुस्तक समोर धरून मोठ्याने वाचण्यात जातो. 2006 साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कारपिकी यांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिले तर आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणून तासातली शेवटची पंधरा मिनिटे पुस्तके मिटावीत. दोघा-दोघांनी बसून आज काय शिकलो ते एकमेकांना सांगावे, अडले तिथे पुस्तक उघडून पाहावे. याला एक पैसाही लागत नाही. पैसा लागतो तो दुसऱ्या गोष्टीला: प्रत्येक वसतिगृहात पावरी किंवा भिलोरी बोलणारी, बारावी झालेली एक ताई किंवा दादा संध्याकाळचे दोन तास असावा. नव्या खोलीला आपण आनंदाने देणगी देतो, कारण तिच्यावर नावाची फरशी बसते. या ताईच्या मानधनावर कोणाचे नाव कोरले जाणार नाही. तरीही या तिमाहीत आधी ते द्यावे, अशी मी हात जोडून विनंती करतो.

तिसरी विनंती भेटीला येणाऱ्यांना. आपण वसतिगृहात येता तेव्हा मुले रांगेत उभी राहतात आणि आपण विचारता, भारताची राजधानी कोणती, दहा आज्ञा म्हणून दाखव. या वेळी वेगळा प्रश्न विचारा. “तुमच्याकडे आमचूर कसा करतात?” “हे उत्तर तुला कसे कळले?” “तुला काय वाटते, असे का होत असेल?” आणि मग थोडे थांबा. आपण बहुधा दोन-तीन क्षणांतच दुसरा प्रश्न टाकतो. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. त्या शांततेत मूल आठवत असते आणि विचारही करत असते. बाहेरून ती दिसायला अगदी ‘डोक्यात राहत नाही’ सारखीच दिसते.

मी हे म्हणतो आहे त्याचे फळ पुढच्या निकालाच्या तक्त्यात लगेच दिसेल, असे आश्वासन मी देणार नाही. आधीच्या वर्षांत राहून गेलेले भरून यायला वेळ लागतो. पण पाचवीच्या दिवाळीनंतर किती मुले परत आली, हा आकडा आपण दरवर्षी लिहून ठेवावा आणि या पत्रिकेत छापावा. माझ्या मते आपल्या सेवेचा खरा हिशेब त्या आकड्यात आहे.

येशू बारा वर्षांचा असताना मंदिरात गुरुजनांमध्ये बसला होता. तो त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. त्या गुरुजनांचेही मला कौतुक वाटते. गालीलातल्या एका लहान गावातून आलेल्या मुलाला त्यांनी बसायला जागा दिली, बोलू दिले. आपल्या मुलांना तेवढी जागा आपण देऊ या.

आपण प्रार्थना करू. हे दयाळू पित्या, ही लेकरे तुझी आहेत. त्यांना भरल्या पोटी झोप दे, समजून घेणारे गुरुजन दे, प्रश्न विचारण्याचे धैर्य दे. आणि आम्हाला त्यांच्या शेजारी बसण्याची आणि उत्तरासाठी थांबण्याची सहनशीलता दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.